एकच गणित, दोन वह्या

जून महिन्याच्या आरंभी, पहिल्या पावसाच्या सरी अंगावर घेत पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांपुढे उभी राहणारी पालकांची आणि मुलांची दाटी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नववी-दहावीच्या विद्यार्थ्याच्या पिशवीत पडणारी दोन पुस्तके परिचित असतील. एक ‘गणित भाग १’, म्हणजे बीजगणित. दुसरे ‘गणित भाग २’, म्हणजे भूमिती. ही पुस्तके १९६७ साली स्थापन झालेल्या आणि सेनापती बापट मार्गावर कचेरी असलेल्या ‘बालभारती’ने सिद्ध केलेली असतात, परीक्षा घेणाऱ्या माध्यमिक शिक्षण मंडळाचे मुख्य दप्तरही पुण्यातच, शिवाजीनगरात आहे, आणि त्या परीक्षेत प्रत्येक भागाची ४० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका मुलांच्या हाती पडते. परीक्षेच्या सोयीसाठी केलेली ही वाटणी गैर नाही. परंतु तिचा एक अनिष्ट परिणाम वर्षानुवर्षे मुलांना शिकवताना माझ्या नजरेस आला आहे, आणि तो असा की, पुस्तके दोन, वह्या दोन, पेपर दोन, म्हणून विषयही दोन, अशी मुलांची मनोमन खात्री होऊन बसते : एक अक्षरांचा विषय, दुसरा आकृत्यांचा, एकात डोके चालवायचे, दुसऱ्यात पाठ करायचे.

या दोन वह्यांमधली भिंत पाडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. बीजगणित ही जे अजून हाती आलेले नाही त्याच्याविषयी नेमके बोलण्याची भाषा आहे, आणि भूमिती ही बोललेले डोळ्यांनी पडताळून पाहण्याची रीत आहे. एका ठिकाणी मूल अडले, तर दुसऱ्या ठिकाणी जाऊन विचारावे, हा या दोघींचा जुना शेजारधर्म आहे. तो पाळण्याची सवय मुलांना कशी लावता येईल, हे पुण्यातल्याच काही परिचित गोष्टींच्या आधाराने पुढे सांगतो.

अज्ञाताला नाव देणे

बीजगणिताची पहिली भीती ‘क्ष’ या अक्षराची असते. कालपर्यंत आकड्यांनी भरलेल्या वहीत एकाएकी अक्षर येऊन बसले, आणि त्याचा अर्थ कोणी सांगितला नाही, म्हणजे मुलाला ते कोडे वाटू लागते. अशा वेळी त्याला आपल्याच मातीतला एक शब्द सांगावा. इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग. चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात, त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ स्थापन केल्याची नोंद आहे. म्हणजे हे शास्त्र महाराष्ट्रात शिकवण्याची परंपरा किती जुनी आहे, ते ध्यानात येईल. या परंपरेत अज्ञात राशीला ‘यावत्तावत्’ म्हणत. यावत् तावत्, म्हणजे जेवढे असेल तेवढे. दुसरी अज्ञात राशी आली की तिला रंगाचे नाव देत : कालक, मग नीलक, मग पीतक.

‘जेवढे असेल तेवढे’ या दोन-तीन शब्दांत बीजगणिताचे सगळे मर्म आहे. क्ष म्हणजे गूढ काही नव्हे. ‘ही संख्या किती ते मला आज ठाऊक नाही, परंतु ती जेवढी असेल तेवढी मी या अक्षराने दाखवीन, आणि शेवटपर्यंत त्याच अर्थाने वापरीन,’ असा तो एक करार आहे. करारात शब्द मोघम ठेवून चालत नाही. म्हणून शाब्दिक उदाहरण सोडवताना पहिली ओळ पूर्ण वाक्यात लिहिण्याची सवय मुलांना लावावी. ‘क्ष = नारळ’ असे लिहू नये; ‘समजा, एका नारळाची किंमत क्ष रुपये आहे’ असे लिहावे. नारळ ही वस्तू आहे, तिची बेरीज-वजाबाकी होत नाही. किंमत ही संख्या आहे, तिची होते. ही एक ओळ काळजीपूर्वक लिहिली गेली, की पुढच्या निम्म्या चुका उगवतच नाहीत.

महात्मा फुले मंडईतला एक साधा व्यवहार घेऊ. तीन नारळ आणि कोथिंबिरीच्या दोन जुड्या यांचे १३० रुपये झाले, आणि दोन नारळ व दोन जुड्या घेणाऱ्या शेजारणीचे १०० झाले. नारळ केवढ्याला? हा प्रश्न घरातल्या आजीला विचारला, तर ती कागद न घेता सांगेल की, एका नारळाचाच फरक आहे, म्हणून नारळ ३० रुपयांना. आणि मग जुडी २० रुपयांना. पुस्तकात ज्याला एकसामयिक समीकरणे म्हणतात आणि एका चलाचा लोप करण्याची रीत म्हणून जी शिकवतात, ती हीच. आजीने एका व्यवहारातून दुसरा वजा केला, एवढेच. मुलाने आधी आजीसारखा विचार करावा आणि मग तोच विचार अक्षरांत लिहावा. अक्षरे आधी आणि विचार मागाहून, हा क्रम उलटा आहे.

पक्षांतर, ताळा आणि ऋण

समीकरण म्हणजे समतोल तराजू, हा दृष्टान्त प्रत्येक शिक्षक देतो, परंतु तो दिल्यानंतर लगेच ‘पक्षांतर केले की चिन्ह बदलते’ असा नियम सांगून मोकळा होतो, आणि तराजू तिथेच विसरला जातो. चिन्ह आपोआप बदलत नाही. क्ष + ७ = १९ या समीकरणात दोन्ही पारड्यांतून सात काढले, म्हणून डावीकडचे सात गेले आणि उजवीकडे १९ उणे ७ उरले; बाहेरून पाहणाऱ्याला सात पलीकडे गेले आणि चिन्ह पालटले असे दिसते, इतकेच. माझी पालकांना आग्रहाची विनंती आहे की, निदान पहिले दोन महिने मुलाला ‘पक्षांतर’ हा शब्दच वापरू देऊ नये. प्रत्येक ओळीच्या उजव्या बाजूस त्याने ‘दोन्ही बाजूंतून ७ वजा केले’, ‘दोन्ही बाजूंस ३ ने भागले’ असे शब्दांत लिहावे. वेळ थोडा जास्त लागेल. पण तीन क्ष बरोबर बारा यातले तीन पलीकडे नेऊन १२ मधून ३ वजा करणारी ती सार्वत्रिक चूक या एका सवयीने नाहीशी होते.

उत्तर आले की ताळा पाहावा. आपल्या जुन्या हिशेबनिसांनी जमाखर्चाचा ताळा पाहिल्याखेरीज वही मिटली नाही, आणि गणिताच्या विद्यार्थ्यानेही मिटू नये. आलेली किंमत मूळ समीकरणात घालून दोन्ही बाजू जुळतात की नाही हे पाहण्यास अर्धे मिनिट लागते. ज्या मुलाला ताळा पाहता येतो, त्याला आपले उत्तर बरोबर आहे की नाही हे विचारण्यासाठी पुस्तकाच्या शेवटच्या पानाकडे किंवा शिक्षकाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. आणि गणिताने माणसाला दिलेले हे स्वावलंबन मला परीक्षेतल्या गुणांहून अधिक मोलाचे वाटते.

दुसरी अडचण ऋण संख्यांची. ‘उणे गुणिले उणे अधिक का?’ हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाला ‘तसा नियम आहे’ हे उत्तर देणे, हा त्याच्या बुद्धीवर अन्याय आहे. वास्तविक मराठी मुलाला हा विषय इतरांपेक्षा सोपा जावा, कारण आपण या संख्यांना ज्या नावांनी ओळखतो त्या नावांतच त्यांचा अर्थ आहे. धन म्हणजे द्रव्य, ऋण म्हणजे कर्ज, ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये या राशींचे नियम सांगितले ते याच शब्दांत. समजा, एखाद्या माणसावर पाचशे पाचशे रुपयांचे काही हप्ते आहेत, आणि त्यांतले तीन हप्ते सावकाराने माफ केले, म्हणजे वहीतून काढून टाकले. हप्ता हे ऋण, म्हणून उणे ५००. तीन काढून टाकले, म्हणून उणे ३. आणि त्या माणसाची स्थिती १५०० रुपयांनी सुधारली, म्हणून गुणाकार अधिक १५००. कर्ज काढून टाकणे म्हणजे धन मिळणे, हे ज्याला समजले, त्याला नियम पाठ करावा लागत नाही.

गुंठ्याने शिकवलेले सूत्र

आता बीजगणिताच्या वहीतून भूमितीच्या वहीत पहिले पाऊल टाकू. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग अधिक ब वर्ग, अशी समजूत दहावीपर्यंत टिकून राहिलेली मुले प्रत्येक वर्गात असतात. सूत्र त्यांनी पाठ केलेले असते. तरीही हात घाईत मधले पद गाळतो, कारण ते पद कोठे असते हे डोळ्यांनी कधी पाहिलेले नसते.

ते पाहायचे असेल, तर गुंठा घ्यावा. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर, खरेदीखतात आणि पुण्याच्या आसपासच्या प्रत्येक जमिनीच्या बोलण्यात येणारा गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद चौरस. मोजणीदाराची ३३ फुटांची साखळी दोन्ही बाजूंनी एकेकदा पडली की एक गुंठा होतो, आणि असे चाळीस गुंठे मिळून एकर. आता ३३ म्हणजे ३० अधिक ३. वहीच्या पानावर एक मोठा चौरस काढावा आणि त्याच्या दोन लगतच्या बाजूंवर तिसाव्या फुटाशी खूण करून आडवी व उभी रेघ ओढावी. चौरसाचे चार तुकडे पडतील : ३० बाय ३० चा मोठा चौरस, ९०० चौरस फूट, ३० बाय ३ च्या दोन पट्ट्या, ९० आणि ९० मिळून १८०, आणि कोपऱ्यात ३ बाय ३ चा लहानसा चौरस, ९. एकूण १०८९ चौरस फूट. आणि गुंठ्याचे क्षेत्रफळ दप्तरात तेवढेच नोंदलेले असते.

ज्याने दोन पट्ट्या गाळल्या त्याचे उत्तर ९०९ येईल. त्याला शांतपणे विचारावे की, बाकीची १८० चौरस फूट जागा कोठे गेली? अठरा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक खोली त्याने वजाबाकी न करताच जमिनीतून नाहीशी केली, हे पुण्यातल्या मुलाला सांगण्याची गरज पडत नाही. ते त्याला चटकन उमगते. ‘दोन अब’ म्हणजे त्या दोन पट्ट्या. हे चित्र एकदा पाहिलेल्या मुलाने मधले पद पुन्हा गाळल्याचे मी पाहिलेले नाही.

वर्गसमीकरणाची पूर्ण वर्ग पद्धतीही हेच चित्र आहे, फक्त अपुरे. क्ष वर्ग अधिक ६ क्ष बरोबर १६, हे समीकरण घ्या. क्ष बाजूचा एक चौरस काढा. ६ क्ष म्हणजे ६ रुंदीची एक पट्टी, ती उभी चिरून ३ रुंदीच्या दोन पट्ट्या करा आणि चौरसाच्या दोन लगतच्या बाजूंना एकेक लावा. गुंठ्याचीच आकृती तयार होते. पण कोपरा मोकळा राहतो. तो कोपरा ३ बाय ३, म्हणजे ९ चा. दोन्ही बाजूंत ९ मिळवले की चौरस भरला. त्याचे क्षेत्रफळ २५, बाजू ५, आणि ती बाजू क्ष अधिक ३ असल्यामुळे क्ष बरोबर २. ‘क्षच्या सहगुणकाच्या निमपटीचा वर्ग मिळवावा’ या नियमामागे कोपरा भरण्याखेरीज दुसरे काही नाही.

तथापि येथे मुलांना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २५ चे वर्गमूळ उणे ५ देखील आहे, आणि त्यावरून क्ष बरोबर उणे ८ हे दुसरे उत्तर मिळते; ताळा पाहिला तर ६४ उणे ४८ बरोबर १६, म्हणजे तेही खरेच. परंतु उणे आठ फूट बाजूचा चौरस कोणालाही काढता येत नाही. चित्र जेथे थांबते तेथून अक्षरे पुढे जातात. म्हणूनच दोघींची गरज आहे. एकीने दाखवावे, दुसरीने दाखवण्यापलीकडचे सांगावे.

आकृती ही साक्ष नव्हे

भूमितीच्या वहीत मुलांची तक्रार निराळी असते. ‘दिसतेच आहे, मग सिद्ध कशाला करायचे?’ असे ती विचारतात, आणि समाधानकारक उत्तर न मिळाल्यामुळे सिद्धता कवितेसारखी पाठ करतात. या प्रश्नाला उत्तर देताना न्यायालयाचा दाखला उपयोगी पडतो. पक्ष म्हणजे उभयपक्षांना मान्य असलेली हकीकत; साध्य म्हणजे आपला दावा; सिद्धता म्हणजे एकापुढे एक मांडलेला पुरावा, ज्यातल्या प्रत्येक वाक्याशेजारी त्याचे कारण कंसात नोंदलेले असते. आकृती ही केवळ जागेचा नकाशा आहे; ती साक्षीदार नाही. तिच्यात कोन काटकोनासारखा दिसतो, म्हणून तो काटकोन ठरत नाही.

हे मनावर ठसावे म्हणून एक अभ्यास सुचवितो. कोणतेही प्रमेय हाती घेतले की, त्याची आकृती तीन वेळा काढावी : एकदा पुस्तकातल्यासारखी, एकदा लांबट आणि एकदा मुद्दाम वाकडी-तिकडी, पण पक्षात दिलेल्या अटी मोडू न देता. तिन्ही आकृत्यांत जे टिकते तेवढेच प्रमेयाचे. एखाद्याच आकृतीत जे दिसते तो त्या आकृतीचा योगायोग. समद्विभुज त्रिकोणच डोळ्यांपुढे ठेवून सर्व त्रिकोणांविषयी बोलण्याची चूक या अभ्यासाने सुटते.

बाकोबा, कोबाको, बाबाबा ही एकरूपतेच्या कसोट्यांची नावे मुले खेळातल्या शब्दांसारखी घोकतात. ती घोकण्यापूर्वी प्रत्येक कसोटीचा त्रिकोण पट्टी, कंपास आणि कोनमापकाने काढून पाहावा. दोन बाजू आणि त्यांच्यामधला कोन दिला, की तिसरी बाजू ओढण्यास एकच जागा उरते, त्रिकोण बांधला जातो. परंतु केवळ तीन कोन दिले, तर त्रिकोण लहान-मोठा कितीही काढता येतो. म्हणून कोकोको ही एकरूपतेची कसोटी नव्हे. ती समरूपतेची आहे. नगरभूमापन कार्यालयातला नकाशा आणि प्रत्यक्ष वाडा यांचे नाते हेच : कोन तेच, लांबी मात्र प्रमाणात. समजा नकाशा १ : ५०० या प्रमाणाचा आहे, तर कागदावरची प्रत्येक रेघ जमिनीवर ५०० पट होते, आणि क्षेत्रफळ ५०० पट न होता ५०० च्या वर्गाच्या पटीत, म्हणजे अडीच लाख पट होते. समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे प्रमेय याहून निराळे काही सांगत नाही.

पुण्याची सावली

समरूपता समजण्याचा सर्वांत सुंदर मार्ग मात्र कागदावर नाही, तो गच्चीवर आहे. २१ मार्चच्या किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, जेव्हा दिवस आणि रात्र समान असतात, तेव्हा १२० सेंटिमीटर उंचीची सरळ काठी ओळंब्याने तपासून गच्चीवर उभी करावी आणि मध्यान्हीची सावली मोजावी. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपले घड्याळ पुण्याच्या पुष्कळ पूर्वेकडील रेखावृत्तावर लावलेले असल्याने पुण्याचा मध्यान्ह मार्चमध्ये पावणेएकच्या सुमारास आणि सप्टेंबरमध्ये साडेबाराच्या सुमारास होतो. सावली सर्वांत आखूड असेल तो क्षण मध्यान्हीचा. त्या वेळी ती ४० सेंटिमीटरच्या अगदी जवळ येईल.

आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत बारा अंगुळे उंचीच्या शंकूची विषुवदिनी पडणारी मध्यान्हीची सावली हीच त्या गावाची ओळख मानली जाई, आणि तिला पलभा म्हणत. पुण्याची पलभा चार अंगुळांच्या जवळ येते. बारास चार, म्हणजे तीनास एक. काठीचे टोक, तिचा पाया आणि सावलीचे टोक यांनी झालेल्या काटकोन त्रिकोणात वरच्या टोकाशी जो कोन होतो, त्याच्या समोरची बाजू आणि लगतची बाजू यांचे हे गुणोत्तर. दहावीच्या त्रिकोणमितीत त्यालाच टॅन म्हणतात. टॅनची किंमत एक तृतीयांश असलेला कोन सुमारे साडेअठरा अंशांचा; विषुवदिनी हा कोन गावाच्या अक्षांशाइतकाच असतो, आणि पुण्याचे अक्षांश १८ अंश ३१ मिनिटे. काठी, सावली आणि एक भागाकार एवढ्या सामग्रीवर मुलाने पृथ्वीवरची आपल्या शहराची जागा शोधून काढली! त्याच क्षणी समोरच्या इमारतीची सावली ४ मीटर भरली, तर तिची उंची १२ मीटर, हे त्याला मग सांगावे लागत नाही. सूर्यकिरण समांतर, म्हणून कोन समान, म्हणून त्रिकोण समरूप.

पुण्यात या प्रकारच्या गणिताला मोठा वारसा आहे. डेक्कन कॉलेजात गणित शिकवणारे केरो लक्ष्मण छत्रे हे ज्योतिषाचेही गाढे अभ्यासक होते, आणि त्यांच्या हाताखाली गणित शिकलेल्या लोकमान्य टिळकांनी पुढे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवले. १८९९ साली केंब्रिजच्या परीक्षेत सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतून याच फर्ग्युसनचे प्राचार्य झाले, आणि ‘रँग्लर’ ही परकी पदवी पुणेकरांच्या तोंडी घरगुती आदराची होऊन बसली. ज्या शहरात गणिताला असा मान मिळाला, तेथील मुलाने त्याला भिऊन राहावे, हे मला मनापासून खटकते.

गवंड्याची दोरी आणि भास्कराचार्यांचा वेळू

पायथागोरसचे प्रमेय सर्वांना पाठ असते : काटकोन त्रिकोणात कर्णाचा वर्ग हा बाकीच्या दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतका. शुल्बसूत्रांत, वेदी बांधण्याच्या संदर्भात, बौधायनाने हे तत्त्व दोरीच्या भाषेत सांगितले आहे. आजही बांधकामाच्या जागी पाया आखताना गवंडी लहान कोपऱ्याला गुण्या लावतो, आणि मोठ्या कोपऱ्याला एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजून त्या खुणांमधले अंतर पाच फूट येईपर्यंत दोरी सरकवतो. येथे मुलांना एक बारीक भेद दाखवावा. गवंडी प्रमेय वापरत नाही, तो त्याचा व्यत्यास वापरतो; काटकोन आहे म्हणून बाजू जुळतात असे नव्हे, तर बाजू जुळल्या म्हणून काटकोन झाला. प्रमेय खरे असले म्हणून त्याचा व्यत्यास खरा असतोच असे नाही, तो निराळा सिद्ध करावा लागतो. या ठिकाणी तो खरा आहे, आणि त्याच्या भरवशावर आपल्या घरांचे कोपरे उभे आहेत.

हे प्रमेय पटवून घेण्यासाठी भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’तली आकृती पुठ्ठ्यातून कापून काढावी. ३, ४ आणि ५ सेंटिमीटर बाजूंचे चार काटकोन त्रिकोण घ्यावे आणि कर्ण बाहेर राहतील अशा रीतीने त्यांचा ५ बाजूचा चौरस रचावा. मध्यभागी एक चिमुकला चौरस मोकळा राहतो. त्याची बाजू ४ उणे ३, म्हणजे १. प्रत्येक त्रिकोण ६ चा, चार मिळून २४, मधला चौरस १. बेरीज २५, म्हणजेच ५ चा वर्ग. आता आकड्यांच्या जागी अ आणि ब ठेवा : दोन अब, अधिक (ब उणे अ) चा वर्ग. वर्गाचा विस्तार केला की त्यातले उणे दोन अब आधीच्या दोन अबला खोडते, आणि अ वर्ग अधिक ब वर्ग एवढेच उरते. भूमितीतले सर्वांत प्रसिद्ध प्रमेय बीजगणिताच्या एका विस्तारसूत्राने सिद्ध झाले.

याच मिलाफाचे ‘लीलावती’तले एक उदाहरण मी दरवर्षी मुलांना घालतो. ३२ हात उंचीचा वेळू वाऱ्याने मोडला आणि त्याचा शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. तर तो किती उंचीवर मोडला? येथे आकृतीवाचून आरंभ होत नाही आणि अक्षरावाचून शेवट होत नाही. उभा राहिलेला भाग जेवढा असेल तेवढा, म्हणजे क्ष हात. मोडून कललेला भाग ३२ उणे क्ष, आणि तोच कर्ण. म्हणून क्ष वर्ग अधिक २५६ बरोबर (३२ उणे क्ष) चा वर्ग. उजव्या बाजूचा विस्तार केला की क्ष वर्ग दोन्हीकडून निघून जातो, ६४ क्ष बरोबर ७६८ उरते, आणि क्ष बरोबर १२. ताळा : १२, १६ आणि २०, वर्ग १४४, २५६ आणि ४००. मुलाने नीट पाहिले, तर हा त्रिकोण गवंड्याच्या दोरीचाच आहे, चौपट मोठा. समरूपता, पायथागोरस, विस्तारसूत्र आणि रेषीय समीकरण ही चार निरनिराळी प्रकरणे एका वेळूत येऊन भेटली.

रेघ बोलते

आलेख हा दोन्ही वह्यांचा सामाईक उंबरठा आहे, आणि तो ओलांडण्यासाठी घरातले विजेचे बिल पुरेसे आहे. बिलावर एक ‘स्थिर आकार’ असतो, आणि वापरलेल्या युनिटांवर ‘वीज आकार’. दर बदलत असतात आणि प्रत्यक्षात त्यांचे टप्पेही असतात. म्हणून सोईसाठी स्थिर आकार १३० रुपये आणि दर युनिटास ५ रुपये असे धरू. मग ४० युनिटांचे ३३० रुपये होतात. पण ८० युनिटांचे ६६० होत नाहीत, ५३० होतात. वापर दुप्पट झाला, बिल दुप्पट झाले नाही. कारण आलेखकागदावर ही रेघ आरंभबिंदूतून निघत नाही, ती १३० वर निघते. रेघ उभ्या अक्षाला जेथे छेदते तो स्थिर आकार, आणि तिचा चढ म्हणजे दर. य = ५ क्ष + १३० या समीकरणातल्या दोन आकड्यांचे हे दोन अर्थ ज्याला रेघेत दिसले, त्याला निर्देशक भूमिती परकी वाटणार नाही.

वह्यांची मांडणी

शेवटी, हे सर्व रोजच्या अभ्यासात कसे उतरवावे ते सांगतो. दोन वह्या असू द्याव्यात. शाळेची शिस्त मोडण्याचे कारण नाही. मात्र दोन्ही वह्यांत केवळ उजव्या पानावर लिहावे आणि डावे पान कोरे सोडावे. बीजगणिताच्या वहीत डाव्या पानावर त्या दिवसाच्या एका तरी उदाहरणाची आकृती काढावी, मग तो चौरस असो, पट्टी असो वा आलेख असो. भूमितीच्या वहीत डाव्या पानावर त्या दिवसाच्या प्रमेयातले एक तरी नाते समीकरणाच्या रूपात लिहून त्यात आकडे घालून ताळा पाहावा. रोज पंचवीस उदाहरणे उरकण्यापेक्षा अशी पाच उदाहरणे समजून करावीत. चूक खोडू नये. तिच्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी कारण लिहावे, कारण परीक्षेच्या आदल्या आठवड्यात त्या चुकांइतके उपयोगी दुसरे पुस्तक नसते.

पालकांपैकी ज्यांना गणित आठवत नाही, त्यांनी त्याचा संकोच करू नये. मुलाच्या शेजारी पंधरा मिनिटे बसून त्यांनी फक्त तीन प्रश्न विचारावेत : यात क्ष म्हणजे कशाची संख्या? याचे चित्र कसे दिसेल? आणि ताळा पाहिलास का? उत्तर त्यांना स्वतःला ठाऊक असण्याची गरज नाही. मुलाला ते सांगावे लागते, यातच त्याचा अभ्यास होतो.

जून महिन्यात कोरी सोडलेली ही डावी पाने मार्चपर्यंत भरत जातात. वर्षअखेर त्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवून त्यांची डावी पाने चाळावीत. बीजगणिताच्या वहीत चौरस, पट्ट्या आणि रेघा यांची भूमिती भरलेली दिसेल, आणि भूमितीच्या वहीत समीकरणांचे बीजगणित. आणि मुखपृष्ठावरची नावे झाकली, तर कोणती वही कोणत्या विषयाची हे मुलालाही चटकन सांगता येणार नाही. ज्या दिवशी असे होईल, त्या दिवशी त्याला गणित येऊ लागले असे खुशाल समजावे.